पेला जिथे अडला

अंबाजोगाई
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

विजयमाला वहिनी,

सलाम. तुमच्या फोनवर माझा नंबर लागत नाही, म्हणून हे पत्र बंकटदादाच्या हाती देत आहे. तो पंधरा दिवसांनी साखर कारखान्याच्या तळावर तुमच्याकडे येतो, तेव्हा पोचेल. अक्षर मोठं काढलं आहे.

काय झालं ते क्रमाने लिहिते. चूक असेल तर दुरुस्त करा.

१. सोमवार, २९ सप्टेंबर. तुम्ही खोकल्यासाठी अंबाजोगाईला माझ्याकडे आलात. खोकला तीन आठवड्यांचा, संध्याकाळी ताप, वजन चार किलोने कमी. थुंकीचा नमुना मी स्वतः घेतला.

२. मंगळवार, ३० सप्टेंबर. नमुन्यात क्षयाचे जंतू सापडले. मी फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "घरात मीच सांगते. ऐतवार होऊ द्या. तवर तुमी कुणाला बोलू नका." मी हो म्हणाले.

३. बुधवार, १ ऑक्टोबर. गोळ्या सुरू झाल्या. मुदत सहा महिने.

४. रविवार, ५ ऑक्टोबर. आपल्या मंडळीत प्रभुभोजन होतं. भाकर तुम्ही भाजली होती. पाळक म्हणून आबांनी ती मोडून वाटली. मग पेला निघाला. सतरा जणांनंतर तो तुमच्याकडे आला. तुम्ही प्यायलात आणि माझ्या हातात दिलात.

५. मी प्यायले नाही. डावीकडे विमलबाईंना दिला.

६. कारण: खबरदारी.

७. विमलबाईंनी पेला खाली सतरंजीवर ठेवला. आबांनी उपासना तिथेच थांबवली.

८. मी कोणालाही काही सांगितलं नाही. बुधवारपर्यंत मंडळीच्या अकराही घरांत तुमचा आजार कळला होता.

९. शुक्रवार, २४ ऑक्टोबर. तुम्ही तुमच्या आईवडिलांच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेलात.

पेला न पिता पुढे देण्याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिते. ज्याच्या हातून पेला घेतला त्याच्याविषयी मनात अढी आहे, असा तो अर्थ. आणि पेला एकदा असा अडला की पुढचं प्रभुभोजन तिथूनच सुरू व्हावं लागतं: त्याच हाताने द्यायचा, अडवणाऱ्याने प्यायचा. ही रीत आजोबांच्या वेळेपासूनची आहे. मी त्या अर्थाने काही केलं नाही. मी लॅबमध्ये काम करते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि लोक दोन गोष्टी जोडतील हे माझ्या लक्षात आलं नाही. माझी चूक असलीच तर एवढीच आहे.

पुन्हा असं होऊ नये म्हणून मी मंडळीच्या वडीलमंडळाला लेखी सुचवलं आहे की एका पेल्याऐवजी प्रत्येकाला छोटे स्टीलचे पेले ठेवावेत. चार मुद्दे दिले आहेत. बहुतेक मान्य होईल.

तळावरच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. एकही दिवस चुकवू नका. तोडणी करू नका, कोपीवर, झोपडीतच थांबा. हे नणंद म्हणून लिहीत नाही, कामाचा भाग म्हणून लिहिते.

प्रियदर्शनी

~

तलवाडा
रविवार, २८ डिसेंबर २०२५

वहिनी,

उत्तर आलं नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, वाचलं तिनं, घडी घालून पिशवीत ठेवलं.

नाताळाला चार दिवस सुट्टी मिळाली, म्हणून घरी आले. बीडला आणि गेवराईला गाडी बदलावी लागते. सहा तास गेले. थकवा आहे, पण तो प्रवासाचा नसावा. हल्ली तो उठल्यापासूनच असतो.

इथलं सांगते. नाताळाची उपासना झाली, प्रभुभोजन झालं नाही. नोव्हेंबरलाही नाही, डिसेंबरच्या पहिल्या रविवारीही नाही. आबा कारण सांगत नाहीत. वेळ झाली की म्हणतात, "आज गाणी म्हणू." लोक म्हणतात. पाच घरं उजवीकडे बसतात, त्यांना छोटे पेले हवे आहेत. सहा घरं डावीकडे, त्यांना जुना पेला हवा आहे. सतरंजी एकच आहे, पण मध्ये माणूसभर जागा मोकळी राहते. कोणी कोणाशी भांडत नाही. फक्त एकमेकांच्या घरी चहा बंद झाला आहे.

पेले आले आहेत. छत्तीस. खोक्यात आहेत, वेदीच्या मागे. विमलबाईंनी एक बाहेर काढून उन्हात धरला. म्हणाल्या, "हे तर खोकल्याचं औषध मोजायचं दिसतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "परभूनं बारा जणात एक पेला फिरवला. त्येच्यात एक जण दगा देणारा बसलेला व्हता. त्यालाबी दिला बाई." त्या सत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, हे मी आईकडून शिकले.

आबांनी पुन्हा मोळीचं प्रवचन केलं. तुमचे वडील पहिल्यांदा आपल्याकडे आले तेव्हा आबांनी त्यांना विचारलं होतं, मोळी बांधायला दोर कुठून आणता. ते हसून म्हणाले होते, "दोर कशाला लागतोय पाव्हणं. उसाच्याच वाढ्याला पीळ द्यायचा, का झाली मोळी." आबांना तेव्हापासून तेच. नम्रता एक ऊस, सहनशीलता एक ऊस, क्षमा एक ऊस. सगळे चांगले, सगळे सुटे. प्रीती म्हणजे वाढं, उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. ती बाहेरून आणायची नसते, त्यांच्यातूनच निघते, आणि तिने बांधलं नाही तर बाकीचं उचलून गाडीत टाकता येत नाही. मी हे आतापर्यंत अकरा वेळा ऐकलं आहे. या वेळी मात्र वाढं म्हणताना ते थांबले आणि पुढचं वाक्य विसरले. असं मी त्यांच्याबाबतीत पाहिलं नव्हतं.

एक बातमी आहे. आबा निवृत्त होत आहेत. ५ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी, त्यांची शेवटची उपासना. नंतर नवे पाळक येतील. शहरात शिकलेले आहेत, त्यांच्या आधीच्या मंडळीत छोटेच पेले होते. म्हणजे प्रश्न आपोआप सुटेल.

तुमच्या आईने तुमच्यासाठी नारायणगडाला नवस बोलला आहे, असं दादा म्हणाला. आबांना आवडणार नाही असं वाटून तो आधी सांगत नव्हता. आबा म्हणाले, "माउलीनं पोरीसाठी मागितलं. ज्याला मागितलं त्यानं ऐकावं." बस एवढंच.

गोळ्यांची नोंद सरकारी पोर्टलवर असते. मला तुमचं नाव टाकून पाहता आलं असतं. पाहिलं नाही.

प्रियदर्शनी

~

अंबाजोगाई
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

वहिनी,

दादाने काल तुमचं पाकीट दिलं. आत माझ्याच पहिल्या पत्राचा कागद होता. तुम्ही त्यावर काही लिहिलं नाही. फक्त सहाव्या मुद्द्यातल्या "खबरदारी" या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे.

तुम्ही हळू वाचता, पण एक शब्द सोडत नाही. आबा हे नेहमी सांगतात.

दादाने बाकीचं सांगितलं. तळावर आरोग्य खात्याची एक आशाताई येते, तुमच्या कोपीत बसते, तुमच्याच कपातला चहा अर्धा पिते आणि अर्धा तुम्हाला देते. तुम्ही तिला अडवलंत तेव्हा ती म्हणाली, "भांड्यानं होत न्हाई हे, बाई. तुमच्या नणंदेला म्हाईत असंल की, ती तर शिकलेली हाय."

माहीत होतं.

हा रोग खोकल्यातून, श्वासातून पसरतो. पेल्यातून, ताटातून नाही. हे मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकले. रोज लॅबच्या खिडकीत रुग्णांच्या नातेवाइकांना मी हेच सांगते: ताट वेगळं करू नका, तोंडाला रुमाल लावा, खिडक्या उघड्या ठेवा. दिवसाला पाच-सहा वेळा सांगते.

त्या रविवारी मी तुमच्या शेजारी अर्धा तास बसून गाणी म्हटली. आपल्याकडे एकच गाण्याचं पुस्तक होतं, दोघींनी मिळून धरलेलं. खबरदारी घ्यायची होती तर मी त्या वेळी उठून खिडकीपाशी बसायला हवं होतं. उठले नाही. अर्धा तास तुमचा श्वास चालला, आणि पेला चालला नाही. तेव्हा सहावा मुद्दा खोटा आहे. तो खोडावा.

वडीलमंडळाला दिलेल्या माझ्या अर्जातले चार मुद्देही याच पायावर उभे होते. ते टिकत नाहीत.

आणखी एक. पोर्टल पाहिलं नाही असं मी लिहिलं होतं. तोवर पाहिलं नव्हतं. १० जानेवारीला पाहिलं. एकही दिवस चुकलेला नाही, दोन महिन्यांनंतरची तपासणी स्वच्छ आली आहे. मला आनंद झाला. पण तुम्हाला न विचारता पाहिलं, आणि ते माझं काम नव्हतं. पुन्हा पाहणार नाही.

मग खरं कारण काय, असं तुम्ही विचाराल. तुम्ही रेघ ओढली ती तेवढ्यासाठीच, हे मला कळतं. ते मला अजून लिहिता येत नाही. आज तीन वेळा सुरू केलं. मशीनला जे विचारावं त्याचं उत्तर दोन तासांत येतं. माणसाचं तसं नसावं.

प्रियदर्शनी

~

तलवाडा
सोमवार, ९ मार्च २०२६

वहिनी,

आता लिहिता येईल, कारण काल सगळ्यांसमोर बोलून झालं आहे. पण तिथे जे थोडक्यात बोलले ते तुम्हाला पूर्ण सांगायला हवं.

आईने बावीस वर्षं प्रभुभोजनाची भाकर भाजली. शनिवारी संध्याकाळी ती टोपली घेऊन निघायची, अकरा घरांतून एकेक मूठ ज्वारीचं पीठ आणायची आणि सगळं एकत्र करून तिच्या लाकडी काठवटीत मळायची. एका घरच्या पिठाची भाकर चालत नाही म्हणायची. मी लहान असताना टोपली धरायचे. ती गेली तेव्हा मी अंबाजोगाईला दुसऱ्या वर्षाला होते. सात महिने पीठ कोणी गोळा केलं नाही, विमलबाई घरूनच भाकर आणायच्या. मग तुमचं लग्न झालं, बाप्तिस्मा झाला, आणि दुसऱ्याच महिन्यात आबांनी काठवट तुमच्याकडे दिली.

मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हणाले असते की मला शनिवारची सुट्टी नसते. ते खरंच आहे. तरीही.

आबांनी तुम्हाला वाचायला शिकवलं. रोज दिवेलागणीला, खाटेवर शेजारी बसून, बोटाखाली एकेक अक्षर. चार वर्षं. सुट्टीला आले की मी हे स्वयंपाकघरातून ऐकायचे. मला, पोटच्या मुलीला, त्यांनी असं कधी शिकवलं नाही. मला शाळेत घातलं. तुम्हाला शाळा मिळाली नाही, दर हंगामाला तुम्हाला कोपीवर नेलं, हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग झाला नाही.

तुम्ही माझ्याशी कधी वाईट वागला नाहीत. आजार झाला तेव्हा तुम्ही आबांकडे गेला नाहीत, दादाकडे, स्वतःच्या नवऱ्याकडेही नाही, सहा तासांचा प्रवास करून माझ्याकडे आलात. त्या दिवशी तुम्ही बाकावर बसून म्हणालात, "ताई, तुमी हायत म्हणून मी आले." मी तुम्हाला डबी दिली आणि नमुना कसा द्यायचा ते समजावलं.

५ ऑक्टोबरला आबांनी भाकर मोडली. माझा तुकडा मी तोंडात घातला. ती अगदी आईच्या भाकरीसारखी लागली. मला वाटलं होतं, तशी लागणार नाही. चार वर्षं मी तशी समजूत करून घेतली होती. मुद्दाम पहिल्या रविवारी घरी येत नव्हते. त्या दिवशी ती तोंडात असतानाच तुमच्याकडून पेला आला.

हेच कारण. तुमचा आजार मला निमित्त म्हणून मिळाला. मी रीतीप्रमाणेच पेला अडवला होता, आणि वर खबरदारीचा कागद चिकटवला.

काल वडीलमंडळाने पेल्यांसाठी सभा बोलावली होती. मी उभी राहून एवढंच म्हणाले, "मी पेला पुढे दिला तो आपल्या जुन्या अर्थानेच दिला. माझ्या मनात वहिनीविषयी अढी होती. त्यांचा काही दोष नाही. माझा छोट्या पेल्यांचा अर्ज मी मागे घेते." आजाराविषयी मी बोलले नाही. उजवीकडून कोणीतरी विचारलं, मग खोकल्याचं काय. मी म्हणाले, ते मी सांगणार नाही. तुमची गोष्ट आहे. सांगायची की नाही ते तुम्हीच ठरवायचं होतं, आणि तो रविवार मी तुमच्याकडून काढून घेतला.

मग विमलबाई म्हणाल्या, "पाच म्हैने आमी पेल्याला भ्यालो. भ्यायचं व्हतं ते हिला."

उजवीकडचे हसले, मग डावीकडचे. दोन्हीकडून एकदम आवाज आला असा तो पाच महिन्यांतला पहिलाच. मीही हसले असावे. डोळे पुसावे लागले, ते हसण्याने की कशाने, ते सांगता येत नाही.

सगळं मिटलं असं समजू नका. तीन घरं अजून म्हणतात की मी तुम्हाला वाचवायला खोटं बोलले. एका घराने तुमच्या हातची भाकर नको असं स्पष्ट सांगितलं. मधली जागा आहे तेवढीच आहे. खोकं वेदीमागे आहे. आबांनी पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत ते उघडायचं नाही असं ठरवून घेतलं. पुढचं नवे पाळक बघतील. ते आले की प्रत्येकाचा पेला वेगळा होईल. मग कोणी कोणाच्या हातून घ्यायचा नाही, म्हणून कोणाचा अडणारही नाही. ऑक्टोबरमध्ये मला हेच हवं होतं.

सभा झाल्यावर आबा आणि मी सतरंजी गुंडाळत होतो. ते म्हणाले, "आता पेला कुठं अडलाय ते तरी कळलं." मी म्हणाले, मी वहिनींना बोलावून घेते. ते म्हणाले, "बोलवू नको. इचार."

म्हणून विचारते.

पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, दोन आठवडे आहेत, मग तुमची टोळी परतेल, असं दादा म्हणतो. तुमच्या गोळ्या ३१ मार्चला संपतात असं मी पहिल्या तारखेवरून धरलं आहे, पोर्टलवरून नाही. आबांची शेवटची उपासना ५ एप्रिलला. तीन गोष्टी होऊ शकतात.

एक, तुम्ही याल. मी होते तिथेच बसेन. पेला तुमच्यापासून सुरू होईल. तुम्ही प्याल, मला द्याल, मी पिईन.

दोन, तुम्ही याल, आणि माझ्यावरून हात पुढे करून पेला विमलबाईंना द्याल. रीतीत ते बसतं. मी उठून जाणार नाही. आबांचं प्रभुभोजन होईल, आणि पुढच्या वेळी पेला माझ्यापाशी अडलेला असेल. तो योग्य ठिकाणी असेल.

तीन, तुम्ही येणार नाही. मग आबा गाणी म्हणून निवृत्त होतील. मी त्यांना सांगेन की तुम्ही बरोबर केलंत.

तिसरं होऊ नये असं मला वाटतं. ते तुम्हाला माहीत असावं, पण त्याचं ओझं घेऊ नका. क्षमा मागायची ती मला समोर मागायची आहे, कागदावर ती फार नीटनेटकी होते.

काठवट मी आज खाली काढली. एका बाजूला बारीक चीर गेली आहे, कोरडी राहिल्याने असेल. पाण्यात भिजवून सावलीत ठेवली आहे. मी तिच्यात काही मळलेलं नाही. पीठ शनिवारी, ४ एप्रिलला गोळा करायचं. ज्या घराने नको म्हटलं त्यांच्या दारातही टोपली न्यायची का, हे तुम्ही ठरवा. न्यायची असेल तर टोपली मी धरेन.

या कागदाच्या मागे मी एक, दोन, तीन असे आकडे मोठे काढले आहेत. तुमचा जो असेल त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि कागद बंकटदादाकडे द्या. शनिवार, २८ मार्चपर्यंत मला उत्तर हवं आहे.

प्रियदर्शनी